सात नंबरची खोली

नाव रेत्नो पालुपी, वय ३६ वर्षे, धंदा शिवणकाम, मूळ गाव वोनोगिरी, सध्या राहणार खोली नं. ७, इबू लास्मिनी यांचे मुलींचे भाड्याचे घर, तेबेत, जकार्ता.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आठ महिन्यांपासून महिन्याच्या भाड्याने राहते. मी धमकावून नऊ भाडेकरू मुली घालवल्या, अशी घरमालकीण इबू लास्मिनी, ज्यांना सगळ्या मुली आदराने नुसते इबू म्हणतात, यांची तक्रार आहे. त्याबाबत माझे म्हणणे खालीलप्रमाणे.

माझी धाकटी बहीण एन्दाह, वय २३, ही माझ्याआधी याच खोलीत राहत होती. मी तेव्हा हाँगकाँगला घरकामाला होते. जानेवारीत तिला टीबी निघाला. औषध चालू झाले होते. चौथ्या दिवशी ती दवाखान्यातून परत आली तेव्हा खोलीला नवे कुलूप होते व सामान गल्लीत भिजत होते. त्यानंतर ती तीन दिवस मशिदीच्या ओट्यावर होती. हे मला पाच नंबरच्या युयुनने फोनवर कळवले. मी पोचले तेव्हा तिचे दफन झालेले होते.

तिच्या मृत्यूच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी हाँगकाँगला परतले नाही. स्वस्त खोली शोधणारी बाई म्हणून इबूंच्या दारात गेले. सात नंबर रिकामी होती. इबूंनी विचारले, "शहरात तुझं कुणी आहे का गं?"

मी म्हणाले, "आता नाही."

"मग हीच घे. लाभाची खोली आहे. आधीची पोरगी लग्न ठरून गेली इथनं."

युयुन जिन्यात उभी होती. तिने मला ओळखले व वर निघून गेली. त्या खोलीत मला झोप लागली की नाही, याचा तक्रारीशी संबंध नाही.

पुढे दर रविवारी सकाळी मी खोल्या बघत फिरले. स्वस्त असली तर खिडकी नाही, खिडकी असली तर खाली नाला. एके ठिकाणी मालक दार न वाजवता आत यायचा, ती सोडली. इबूंच्याइतक्याच भाड्यात नऊ बऱ्या खोल्या मिळायला सात महिने लागले. प्रत्येक मुलीला मी स्वतः नेऊन खोली दाखवली व मग एन्दाहचे काय झाले ते सांगितले. धमकी दिली नाही. एक नर्सिंगवाली म्हणाली, "रेत्नोताई, आमच्यासाठी किती पायपीट केलीत हो!" मी म्हणाले, "तुमच्यासाठी नाही केली."

मागच्या रविवारी सकाळी दहा वाजता नऊही जणी एकदम निघाल्या. दारात तीन हातगाड्या होत्या. इबू खोबरे किसायचे सोडून बाहेर आल्या.

"अगं, सगळ्याच कुठं निघालात? घरात साप निघाला का काय?"

युयुनने किल्ली त्यांच्या हातात न देता पायरीवर ठेवली. तेव्हा इबू माझ्याकडे वळल्या. "हे तुझंच काम. काय वाकडं केलं होतं गं मी तुझं?"

मी म्हणाले, "एन्दाह."

त्या म्हणाल्या, "ती कोण?"

त्या नाटक करत नव्हत्या, हे मी खात्रीने सांगते. मी म्हणाले, "सात नंबर. खोकणारी."

"हां, ती होय! किती येतात, किती जातात बाई, नावं कुठली लक्षात राहायला?"

दाराचा लोखंडी अडसर मी उचलला, हे खरे आहे. तो परत जागेवर ठेवला. त्यांना हात लावलेला नाही.

मी घर सोडावे, अशी त्यांची मागणी आहे. माझे भाडे वेळेवर आहे. मी सोडणार नाही. घरात आता आम्ही दोघीच आहोत. खोल्या भाड्याने असल्याची दारावरची पाटी वाचून मुली चौकशीला येतात. इबूंचे गुडघे दुखतात, म्हणून दार मी उघडते. आलेल्या मुलीला मी उंबऱ्याबाहेरच बहिणीचे नाव व हकीकत सांगते. इबू मागे खुर्चीत बसून ऐकतात. काल एकजण आली असता मी तोंड उघडण्याआधी इबूच आतून म्हणाल्या, "एन्दाह." पुढची हकीकत मी सांगितली.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. यातले काही कमी करायचे नाही.