फोटोत मी हसतोय ते खरं हाय

चिन्मय, सई, आमच्या सोसायटीचे वॉचमन नाथाबाबा यांनी चार दिवस दुपारचं बसून सांगितलं, ते त्यांच्याच बोलण्यात लिहून पाठवते आहे. — आजी

मी मूळचा खाडीकाठचा, मिठागरातला. बाप मीठ पिकवायचा, आजा पण तेच, आन वाफ्यातलं पाणी आटून किती जड, किती खारं झालंय ते आमच्या पायाला कळायचं, यंत्र लागत नव्हतं. आता आमच्या आगराच्या जागी न्हावा शेवाचे कंटेनर उभे हायत आन मी सुकापूरच्या रस्त्यावर तुमच्या गेटावर बसतो. तक्रार नाय. खुर्ची हाय, पंखा हाय, तुमी चहा पाठवता, साखर कमी घालता तेवढं एक सोडा.

पलटणीत गेलो तो धर्मामुळे. धर्मा शेजारच्या आगरातला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. म्हणाला नाथा, भरती चालू हाय, बूट देतात. बुटासाठी गेलो बाई आमी, देशबिश काय ठाऊक नव्हतं. पुढे सिंगापूरला इंग्रज शरण गेला, आमी जपानचे कैदी झालो. आपल्यातली काही पोरं इंग्रजाशी लढायला वेगळ्या फौजेत गेली, त्यांना मी नावं नाय ठेवत, आमाला मात्र जहाजात कोंबून पार लांबच्या बेटावर नेलं. तिथं विमानतळ बांधायचा, दगड फोडायचे, खायला रताळ्याची पानं.

मिठाचे तर जपान्यांचेच वांधे होते. मी खुणेनं सांगितलं, मी काढतो मीठ. आन चूक केली, आपल्या गावासारखे वाफे बांधले, वर रोज पाऊस, सगळं वाहून जायचं. मग पिंपाखाली जाळ घालून समुद्राचं पाणी आटवलं. तळाला पांढरं धरलं तेव्हा मी ओंजळ वर धरून असा हसलो काय सांगू तुम्हाला, जसा घरीच पोचलो. एक जवान जपानी शिपाई होता, तो पण हसला. चांगला पोर होता, मला बिडी द्यायचा. त्यांच्यातल्या कोणी फोटो काढला.

तोच फोटो घेऊन गेल्या दिवाळीनंतर ते जपानी साहेब आले ना, सूटबूट, वाकून वाकून नमस्कार. फोटोच्या मागं माझं नाव-गाव लिहिलेलं होतं म्हणे. तुमीच तर इंग्रजीतून समजावलंत, त्यांच्याकडे एक गट हाय, मंत्र्यांच्या, खासदारांच्या मागे लागलाय की शाळेच्या पुस्तकांतून लढाईतली वाईट कामं काढा, पोरांना मान खाली घालायला लावू नका. आन माझी सही पाहिजे, की जपान आमाला सोडवायला आला होता, कैद्यांना भावासारखं ठेवलं. विमानानं नेणार होते सभेत बोलायला. माझा मुलगा तर नाचायलाच लागला, बाबा, विमान! सही करा की, पन्नास वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय.

मी म्हटलं, बाई, यांना विचारा, धर्माचं लिहिलंय का? फोटोनंतर चौथ्या दिवशी धर्माच्या लंगोटात चोरीचं मूठभर मीठ सापडलं. कुणी दिलं विचारत होते आन बंदुकीच्या दस्त्यानं मारत होते. मी समोर उभा. मीच दिलं होतं. त्यानं नाव नाय घेतलं. मी पण नाय घेतलं. तिसऱ्या दिवशी गेला.

साहेबांनी कागद परत एकदा वाचला. मग म्हणाले, ते दुःखद हाय, पण कागद एकच पान हाय, जागा नाय. मी म्हटलं, बिडीवाला पोर लिहा, माझं हसणं लिहा, खालती धर्मा लिहा, मग दोन सह्या करतो. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. जाताना परत वाकले. मी पण वाकलो, पाहुणा होता.

पण बाई, त्यांना बोललो खरा, आन माझंच मला आठवलं. धर्माची बहीण यसू अजून गावात हाय. परत आलो तेव्हा मी तिला सांगितलं होतं, ताप आला, झोपेत गेला. दर भाऊबिजेला ती मला ओवाळते, धर्माच्या जागी, आन मी ताटात ओवाळणी घालतो. म्हणजे मी पण पान फाडलंच होतं की, आन त्या साहेबांना शिकवत होतो!

दुसऱ्याच दिवशी गावाला यसूकडे गेलो. ओट्यावर बसून सगळं सांगितलं, माझ्या मिठासकट. ती कोळंबी सोलत होती, हात थांबला नाय. सालं बाजूला टाकत म्हणाली, झोपेत जाणारा नव्हताच तो, मेल्या, मला काय खुळी समजलास? नाव नाय घेतलं ना त्यानं तुझं? मग तू घे आता त्याचं.

म्हणून तुमच्याकडून ते इंग्रजी पत्र लिहून घेतलं. धर्माचं नाव, गाव, कसा मेला, मीठ कोणी दिलं. यसूनं अंगठा दिला, मी सही केली, त्या गटाच्या पत्त्यावर रजिस्टर केलं. उत्तर नाय आलं. त्यांच्या पुस्तकात येवो नायतर न येवो, टपालवाल्यानं पोचपावती आणून दिली हाय, कोणीतरी तिकडे सही करून घेतलंय.

मुलगा अजून विमानावरून टोचतो. टोचू दे. यंदा भाऊबिजेला यसूनं ओवाळलं आन धर्माचं नाव घेऊन मला शिवी दिली, मोठ्यानं, पहिल्यांदाच सगळ्यांसमोर. छान वाटलं बाई. तुमची नातवंडं तिकडे सुखात राहोत, भरपूर शिकोत. लिहा त्यांना, धर्मा नावाचा एक होता.