उंदीरखाऊचा मान

— तू आधी बस, चोंबा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय मोडका आहे, ती मी पास्टरसाहेबांसाठी राखून ठेवलीय. स्टुलावर बस. आणि मयतीत कसं वागायचं ते मला शिकवायला आला असशील तर तोंड उघडूच नकोस. या लुआन्श्याच्या खाणवस्तीत एकशे बारा मयती हसवल्यात मी — म्हणजे मयत कुठली हसायला, ती एक कधी हसली नाही, पण बाकीची माणसं पोट धरून हसली. बरं, एकशे बारा नसतील. चाळीस धर. त्यातल्या दहा-बारा ठिकाणी तर मी नुसता जेवायलाच गेलो होतो, हसवायचं राहूनच गेलं. तरी बाकी उरतातच ना.

ते गाठोडं कशाला आणलंस? लाच असेल तर परत ने. आणि मांडीवरून खाली ठेव, तान्हं पोर घेऊन बसल्यासारखा बसलायस. नाही ठेवत? राहू दे.

हा कागद बघितलास? बघितला असशीलच, तुमच्याच घरचा. सकाळी चर्चच्या बायका प्रत्येक दारात एकेक टाकून गेल्या. चकचकीत, बोट लावलं तर घसरतं. मी शिकलो चौथीपर्यंत, आणि चौथीसुद्धा दोनदा, पण एवढं वाचता येतं. वर तुझ्या बापाचा फोटो. मला एक सांग, त्या फोटोत पुढचा दात कुठून आला? चिलेक्वाला पुढचा दात नव्हता. चाळीस वर्षं नव्हता. मक्याचं कणीस डाव्या बाजूनं सोलून खायचा, हसला की फळी पडलेल्या कुंपणासारखा दिसायचा. आणि आता कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून त्याला दात लावलाय. जिवंतपणी कुणी दिला नाही, आता पेटीत घालताना देतात. शिसारी येते रे. मी कागद पालथा करून पाण्याच्या मडक्याखाली ठेवला होता, मडकंसुद्धा डुगडुगायला लागलं.

खाणीत पडून दात गेला, असंच तुम्हा सगळ्यांना सांगितलं ना त्यानं? हं. खाणीत नाही. चर्चच्या पायरीवर. त्या वेळच्या पास्टरासाठी मी पायरीला साबण चोळून ठेवला होता — फार लांब प्रार्थना करायचा तो, भाजी करपायची घरोघरी. आणि नेमका तुझा बाप पुढे आला, बायबल काखेत, सगळ्यात धाकटं पोर खांद्यावर. पोराला वर धरलं दोन्ही हातांनी आणि स्वतः तोंडावर आपटला. पोराला खरचटलंसुद्धा नाही. कोण होतं ते पोर? तूच होतास. जाऊ दे, मला हे बोलायचं नव्हतं. चाळीस वर्षं त्यानं ‘खाणीत पडलो’ म्हणून सांगितलं, तेवढ्यासाठी तरी कुणीतरी तो दात काढून टाका फोटोतला.

आणि खाली काय लिहिलंय ते. ‘नम्र, शांत आणि मितभाषी.’ कोण? चिलेक्वा मितभाषी? तो खाणीत ड्रिल चालू असताना बोलायचा, आणि वर आल्यावर ‘ऐकलं का नाहीस’ म्हणून भांडायचा. चर्चमध्ये खालच्या पट्टीत गायचा, ती पट्टी कुठल्याही गाण्यात नव्हती, त्याची स्वतःची होती. आंब्याला टांगलेल्या त्या रुळाच्या तुकड्यावर ठरलेली टोपी चढवून रविवारची घंटा वाजवायचा, आणि वाजवताना मोठ्यानं सांगायचा कुणाच्या घरी अजून दार उघडलं नाही ते. असल्या माणसाला मितभाषी करून टाकलंत. मग उद्या पेटीत कुणाला घेऊन निघालायत तुम्ही? भाड्याचा पांढरा मांडव, प्लास्टिकची फुलं, ध्वनिक्षेपक, गाडीतून डब्यात भरून आलेलं थंड कोबीचं सॅलड. ती फुलं मी लांबून बघितली. बकरीनंही हुंगून सोडली.

पण खरी ओकारी कुठे येते सांगू? शेवटच्या ओळीत. बारीक अक्षरात, चोरासारखी. ‘थट्टेच्या सोयऱ्यांनी कृपया गांभीर्य पाळावे.’ म्हणजे कोण? या गल्लीत दुसरा न्गोनी कोण उरलाय? सरळ माझं नाव छापायचं होतं — जेरेनं तोंड बंद ठेवावे.

त्या पोरसवदा पास्टराला काय ठाऊक? आमचे आजे-पणजे न्गोनी, तुमचे बेंबा, एकमेकांना मारून मारून दमले, तेव्हा ठरलं की यापुढची लढाई तोंडानं. तुम्ही माकडं खाता, आम्ही उंदीर खातो, कुणी काही बोलला तरी रागवायचं नाही. आणि तुमच्यात कुणी मेलं की खड्डा आम्ही खणायचा, मेलेल्याचे कपडे घालून त्याच्यासारखं चालून दाखवायचं, वाट अडवून कोंबडी मागायची, रडणाऱ्याला हसवून दोन घास खायला लावायचे. आमच्यात मेलं की तुम्ही. हा मान आहे. मान म्हणजे काही फुकटचं ताट नाही — बरं, ताटही आहे, पण त्याच्या आधी काम आहे.

पहिल्या दिवशी खाणीत उतरायला मी त्या लोखंडी पिंजऱ्यात शिरलो, डोळे मिटून गज धरला, गावाकडून येऊन तीन दिवस झाले होते. आतून एक लांबडा बेंबा ओरडला, “बघा रे, इतकी वर्षं उंदीर पकडायला खोबरं लावावं लागायचं, हा आपणहून आला.” सगळा पिंजरा हसला, मीही हसलो, आणि खाली पोचेपर्यंत भीती कुठे गेली कळलं नाही. तो तुझा बाप. सात पोरं स्वतःची, चार मेलेल्या भावाची, ताटावर बसली की कुठलं कुणाचं ते त्यालाही ओळखू यायचं नसेल. रविवारी चर्चच्या दारात उभा राहून मोजायचा, मोठ्यानं, सगळ्यांदेखत — नऊ, दहा, अकरा, आणि हा उंदीर बारावा. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तरी बारावा.

माझी बायको एलिना गेली तेव्हा तू शाळेत होतास, बोर्डिंगात. तीन दिवस मी पाणीसुद्धा प्यालो नव्हतो. बायका आत रडत होत्या, मी बाहेर भिंतीकडे तोंड करून. आणि अंगणात एलिना आली. तिचं फुलाफुलांचं चितेंगे कमरेला, तिचा ब्लाऊज — दंडावर उसवलेला, मावतोय कुठला — डोक्याला तिचं फडकं. दारात उभी राहिली आणि तिच्या आवाजात म्हणाली, “जेरे, पाय पुसून आत ये, माझी जमीन काय तुझ्या आईनं सारवलीय?” रोज म्हणायची ती. पंचवीस वर्षं, रोज. मी हसलो, आणि मग जे काही झालं ते हसणं नव्हतं, आणि मग तुझ्या बापानं मक्याच्या न्शिमाचा गोळा करून माझ्या तोंडात घातला, चितेंगे तसंच नेसून. हे गांभीर्य नव्हतं म्हणून सांग तुझ्या पास्टराला.

म्हणून मला उद्या जायचंय. मयतीला बिशप येणार म्हणे, त्याच्यासमोर जायचंय. तेवढं एकच काम उरलंय माझं या जगात, आणि ते तुम्ही कागदावर छापून काढून घेतलंत. आणि तू — तू तर त्यांच्यातलाच. राजधानीत, लुसाकात बसून इस्त्रीचा झालायस. तीन वर्षांचा होतास तेव्हा बापानं शिकवलं म्हणून मला बघितलं की ‘उंदीर, उंदीर’ करत मागे धावायचास. आता आल्यापासून ‘जेरेकाका, आपण, आपल्याला’. एक शिवी धड येत नाही तुला. चिलेक्वाच्या पोटी बँकेचा माणूस निपजला.

काय? बाप सोमवारी गेल्यापासून घरी का आलो नाही? वा. हा कागद छापल्यावर येऊ कसा मी? — हो, कागद आज आला. सोमवारी नव्हता. कळतात मला वार. गुडघा धरला होता.

आणि त्याआधीही धरला होता. तो अंथरुणाला खिळला होता ते चार महिने धरला होता. पाच घरं तर आहेत मध्ये, मला मोजता येतात. केळी पाठवली होती मी. दोनदा. शेंगा पाठवल्या. एकदा निघालोही होतो, तुमच्या आंब्यापर्यंत आलो, आणि आतून तो खोकला ऐकला. त्याचा नव्हताच तो. त्याचा खोकला मला येतो, मी करून दाखवतो, सगळी गल्ली ओळखते. हा कुणा बारक्या माणसाचा खोकला होता. आत जाऊन काय करणार होतो? थट्टा केली असती तर त्याला हसून त्रास. आणि न करता नुसता बसलो असतो, नीट, गंभीर, ‘बरं वाटतंय का’ विचारत — तर त्याला त्याच क्षणी कळलं असतं की आपण मरतोय. जेरे नीट बोलतोय म्हणजे संपलं. म्हणून परत फिरलो. शहाणपणा केला. तुला नाही कळायचा. थू — माझंच मला कळत नाही, आणि वर मी त्या पास्टराला नावं ठेवतो.

ऊठ आता. सांग घरी, जेरे म्हातारा येत नाही, तुमच्या बिशपला घाबरायचं कारण नाही. गाठोडं उचल. माझ्याकडे कशाला सरकवतोयस? मला नको, सोड म्हटलं ना — काय आहे हे? कोट? हा तर त्याचाच तपकिरी कोट. आणि घंटेची टोपी. कुणी सांगितलं तुला हे आणायला? चोंबा, मी विचारतोय, कुणी सांगितलं?

“बाबा रोज सकाळी विचारायचे, उंदीर आला का. नाही म्हटलं की आईला म्हणायचे, मग घाबरू नकोस, आज काही मी मरत नाही, मयतीच्या जेवणाचा वास आल्याशिवाय तो बिळातून निघायचा नाही. सोमवारपासून चूल पेटलीय, उंदरा. तुझं ताट झाकून ठेवलंय.”