तिशीची अक्कल

डिसेंबर १९१८. लीड्समधल्या शाळेबाहेर मतदानाची रांग लागली होती. ॲग्नेसच्या पुढे म्हाताऱ्या कझायाबाई आणि त्यांची सून डोरा उभ्या होत्या. तोफगोळ्यांत स्फोटकं भरून भरून डोराचे हात हळदीसारखे पिवळे पडले होते. दारातल्या कारकुनाने तिला अडवलं.

"वय?"

"चोवीस."

"बायकांना तीस पूर्ण लागतात."

"मग माझ्या एकोणीस वर्षांच्या भावाला मताचा हक्क कसा मिळाला?"

"तो लढला, बाई."

"हो का! आणि त्याने डागलेले गोळे काय झाडावर पिकले होते?"

"नियम आहे. या वयात बायकांचा विचार पक्का नसतो."

"बरोबर आहे हो साहेबांचं, डोरा. गोळा हातात फुटला तर माणूसच मरतं. पेन्सिल घसरली तर केवढा अनर्थ!"

"आई, तुम्ही जा आत. मी थांबते."

"जाते की. पण तिशी उलटून पंचवीस वर्षं झाली, मला मेलीला अजून राजकारण कळत नाही. फुली कुणापुढे मारू?"

"वरून दुसरा."

"अहो, असं सांगता येत नाही!"

"आत नाही ना सांगत ती? तुम्हीच बाहेर ठेवलीत."

नवऱ्याने बजावलेलं नाव घोकतच ॲग्नेस रांगेत आली होती. आत गेल्यावर मात्र तिने वरून दुसऱ्या नावापुढे फुली मारली.