सूनबाईंचा सर्वांत मंद विद्यार्थी

नाही, पण तुम्हीच सांगा, घरात चहा मागायला माणसानं हात वर करायचा का? स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून, हात वर! खांदा दुखतो हो माझा... आणि खांदा दुखतो हे सांगायलाही हातच वर करायचा! मी आपला कमी बोलणारा माणूस, म्हणून निमूट करतो. पण तुम्हाला सांगतो, सूनबाईंनी प्राथमिक शिक्षिका व्हायचं शिक्षण घ्यायला सुरुवात केली आणि आमच्या घराची इयत्ता दुसरी झाली. चिरंजीव पहिल्या बाकावर, म्हणजे सोफ्यावर. आमची ही खिडकीपाशी एकटी, कारण ती वर्गात फार बोलते! आणि मी शेवटच्या बाकावर, म्हणजे चपलांच्या कपाटाला टेकून.

आता हे सगळं कशापायी, तर सूनबाईंचा सराव पाठ आपटला. सराव पाठ म्हणजे काय, की खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांना शिकवायचं, आणि मागच्या बाकावर कॉलेजच्या मॅडम बसून बघणार. आता आमची सूनबाई गुणाची, मायाळू, सगळं खरं, पण तोंड म्हणजे उतारावरची सायकल! "मुलांनो, सावली कशी पडते, तर उजेड अडला की पडते, हो की नाही, हो, शाब्बास, पुढे!" अहो, मुलांनी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही! मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पाठ छान झाला. फक्त वर्गात मुलंही होती, तेवढं तुमच्या ध्यानात आलं नाही." आणि परीक्षेच्या पाठाला पुन्हा असंच झालं, तर वर्ष पहिल्यापासून. लग्नाआधी एकदा अर्ध्यावर सुटलेलं शिक्षण तिचं. भांडी घासताना मला म्हणाली, "बाबा, आता नापास झाले ना, तर नाद सोडणार." आणि नळ मोठा केला. रडणं ऐकू येऊ नये म्हणून.

मग एकदम वळली, माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, तुम्ही मला मदत करा."

"मी? अगं पोरी, मी चौथीतून..."

"तुम्ही फक्त उत्तरं द्या. तुमचं उत्तर येईपर्यंत मी गप्प राहू शकले ना, तर जगातल्या कुठल्याही मुलापुढे गप्प राहीन!"

आता याला कौतुक म्हणायचं की काय म्हणायचं, सांगा!

पण मी मंद बोलतो यात माझा काय दोष? उभा जन्म लिफ्ट चालवली हो. माझं वाक्य निम्म्यावर यायचं, तेवढ्यात समोरच्याचा मजला यायचा. घरी यावं, तर उरलेलं वाक्य ही पुरं करणार. मी म्हणायचं, "आज जरा..." की ही, "डोकं दुखतंय ना? गोळी घ्या!" मला म्हणायचं असायचं, आज जरा फिरायला जाऊ या. घ्यायचो गोळी. मी आपला कमी बोलणारा माणूस, वाद कोण घालणार?

तर झाला सुरू सराव. सूनबाई मुठीत खडू धरून उभी. बोलावंसं वाटलं की जीभ नाही हलवायची, खडू आवळायचा! "बाबा, सावली पायाखाली कधी येते?" आणि गप्प. नळ टपटपतोय, चिरंजीव घड्याळ बघतायत, आणि हिच्या पोटात काही राहीना, "अहो, दुपारी! म्हणा ना दुपारी!" लगेच सूनबाई, "आई, तोंडावर बोट." आणि हिनं ठेवलं! मी चकित! उभ्या संसारात मला जे जमलं नाही...

आणि तुम्हाला खरं सांगू? मी घाबरलो. माझ्यासाठी असं कुणी थांबलंच नव्हतं कधी. शाळेत गुरुजी बोट दाखवायचे, "हं, तू!" आणि लगेच, "चल, पुढचा!" उत्तर यायचं मला, पण घरी जाताना रस्त्यात. ही पोर मात्र उभीच. शेवटी म्हटलं, "लिफ्टमध्ये. दिवा... बरोबर डोक्यावर असतो ना... मग ती पायाशी येऊन बसते. दिवसभर तिलाच... सोबत घेऊन वरखाली करायचो." कट्कन खडू मोडला तिच्या मुठीत. हळूच म्हणाली, "शाब्बास, बाबा." या वयात, मंडळी! चष्मा पुसायला घ्यावा लागला.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी सूनबाई घरी आली, ती मुकी! एक शब्द नाही! ही लागली, "गेलं ना? मला वाटलंच, जाऊ दे, पुढच्या वर्षी..." तर सूनबाईंनी मूठ उघडली. तळहातभर खडूचं पीठ!

मग सांगितलं तिनं. शाळा बसडेपोला लागून, बाहेर भोंगे, आत निम्म्या मुलांच्या घरची भाषा वेगळी. शेवटच्या रांगेत एक मुलगी, नवीनच या शहरात आलेली, आल्यापासून तोंड उघडलेलं नाही. सूनबाईंनी विचारलं, "सावली आपल्याला सोडून कधी जाते?" तर त्या मुलीचा हात अर्धाच वर. वर्ग ओरडतोय, "ती बोलत नाही, बाई! मला विचारा, मला!" मॅडम पेन आपटतायत. सूनबाई म्हणाली, "बाबा, मला समोर तुम्हीच दिसत होतात, चपलांच्या कपाटाला टेकलेले." आणि थांबली. आणि ती पोर बोलली हो! "दिवे गेल्यावर... मग आई हात धरते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सूनबाई पास!

मला वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! तिला आता थांबायची गोडी लागली. मी "चहा..." म्हटलं की किटली घेऊन उभी, "आधी हात वर. आणि पूर्ण वाक्यात, बाबा. घाई नाही." आणि आमची हीसुद्धा आता शहाण्या मुलीसारखी तोंडावर बोट ठेवून बसते! काल मी म्हटलं, "आज जरा..." आणि सवयीनं थांबलो. ही गप्प. मी हिच्याकडे बघतोय, ही माझ्याकडे बघतेय. शेवटी ते वाक्य मलाच पुरं करावं लागलं, "...फिरायला जाऊ या."

ही बघतच राहिली. म्हणाली, "अगं बाई! मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? आज नेमकं माझं डोकं दुखतंय."

मी आपला कमी बोलणारा माणूस... उठलो, आणि तिला गोळी आणून दिली.