पाचपर्यंत मोजा, काका

...आणि तेही मनातल्या मनात! मोठ्याने मोजायचं असतं तर मी शंभरापर्यंत मोजलं असतं हो, आपल्याला काय, तेवढंच तोंड हललं असतं! पण नाही. प्रश्न विचारायचा, तोंड मिटायचं आणि मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं. का? तर म्हणे समोरच्याला बोलायला जागा मिळते. जागा! अहो, आमची लॅब म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये एक पडदा, तिथे प्लास्टरची पोती ठेवायला जागा नाही आणि ही मालकांची भाची म्हणते बोलायला जागा द्या! बरं, दिली. तर तुम्हाला सांगतो, समोरचा माणूस चार मोजेपर्यंत बोलायला लागतो आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत थांबत नाही. मग मला सांगा, माणसाने बोलायचं कधी?

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा बाबा कोण आणि एवढा का करवादलाय. आम्ही दात बनवतो. हसू नका, कोणीतरी बनवायलाच हवेत! डेंटिस्ट तुमच्या तोंडात तो गिळगिळीत गोळा कोंबतो ना, 'चावा, हलू नका, नाकाने श्वास घ्या'... तो साचा आमच्याकडे येतो. आमचे प्लास्टरमामा त्यात प्लास्टर ओततात, की तुमचा जबडा तयार. मग पडद्यापलीकडे आमच्या ताई बसतात, त्या पोर्सेलीनचे थर चढवतात, बारीक ब्रशने, एकावर एक, मग भट्टीत भाजतात, आणि असा दात बाहेर येतो की शेजारच्या खऱ्या दातालाही कळू नये आपल्याशेजारी कोण उभं आहे. आणि मी? मी या सगळ्यांचा हेड. म्हणजे डॉक्टरांशी बोलायचं, मामांशी बोलायचं, ताईंशी बोलायचं. माझं कामच बोलायचं आहे हो! सुताराच्या हातातून करवत काढून घ्या आणि म्हणा, आता चांगलं काम कर... तसं झालंय माझं.

आता मला एक देणगी आहे. माणसाने तोंड उघडलं की त्याला काय म्हणायचंय ते मला कळतं. अख्खं वाक्य ऐकावंच लागत नाही! 'भाऊ, तो खालच्या दाढेचा...' 'कळलं!' 'भाऊ, डॉक्टर म्हणत होते की...' 'कळलं, कळलं!' किती वेळ वाचतो बघा. पण लोकांना वेळ वाचवणाऱ्याची कदर नसते.

तर झालं काय, एका आजींचे पुढचे दात आले करायला. डॉक्टर फोनवर म्हणाले, "त्यांच्या पुढच्या दोन दातांत जी फट आहे ना, ती..." मी म्हटलं, "कळलं, डॉक्टर!" फट म्हटली की बुजवायची, त्यात विचारायचं काय? ताई पडद्याआडून म्हणाल्या, "भाऊ, त्या फटीचं मला जरा..." म्हटलं, "कळलं ताई, गच्च बुजवा!" दात झाले, गेले, बसले. आणि आठवड्याने आजी थेट लॅबच्या दारात! हातात छत्री, आणि ती छत्री माझ्याकडे रोखलेली. म्हणाल्या, "माझी शिट्टी कुठाय?"

आता दाताच्या लॅबमध्ये कोणी शिट्टी मागायला आलं तर तुम्ही काय कराल? मी म्हटलं, आजी, खेळण्यांचं दुकान पलीकडे. तशा उसळल्या! म्हणाल्या, "अरे मेल्या, आमचा म्हातारा दिवसभर मागच्या बागेत असतो. हाकेला ओ देत नाही. लग्न झाल्यापासून मी त्या फटीतून शिट्टी मारते, तेव्हा तो जेवायला येतो! आता नुसतं फुस्स होतंय! तो तिकडे उपाशी, आणि मी इकडे दारात उभी राहून फू फू करतेय!" डॉक्टरांना फट तशीच ठेवायची होती हो! वाक्य तेवढंच राहिलं होतं पुढे. आता ते पुढचं वाक्य मोठ्याने नको का म्हणायला त्यांनी?

झालं! डॉक्टर मालकांवर चिडले, मालक माझ्यावर. म्हणाले, "हे सारखं सारखं होतंय. माझी भाची येतेय, ती यावर अभ्यास करते." मी विचारलं, दातांवर? म्हणाले, "नाही. कामाच्या जागी माणसं एकमेकांशी कशी बोलतात, त्यावर संशोधन." आता यात संशोधन कसलं? तोंडाने बोलतात!

आली भाची. गोड पोरगी हो, काका काका म्हणते. कोपऱ्यात स्टुलावर बसली, सगळ्यांना विचारून एक छोटा रेकॉर्डर ठेवला आणि दिवसच्या दिवस नुसती ऐकत राहिली. एवढं शिकलेली पोर आणि बोलत नाही, मला तर कीवच आली. शेवटी एक दिवस म्हणाली, "काका, जो जो दात चुकीचा गेला ना, तो जायच्या आधी या खोलीत कोणाला तरी माहीत होतं की चुकतंय. ते सांगायलाही लागले होते. पण त्यांना कोणी बोलू दिलं नाही." मी खवळलोच! म्हटलं, "कोण तो शहाणा? नाव सांग, आत्ता बघतो त्याच्याकडे!" ती काहीच बोलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. आता मला कळतंय, ती तेव्हा मोजत होती.

मग तिने पद्धत सांगितली. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी उभ्या उभ्या बोलायचं, कुठे काय चुकतंय ते. ज्याचा हुद्दा मोठा तो सगळ्यात शेवटी बोलणार, कारण तो आधी बोलला की बाकीचे मूग गिळून बसतात. विचारलं की पाचपर्यंत मोजायचं. आणि समोरच्याचं ऐकून झालं की ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं आणि विचारायचं, "बरोबर?" म्हटलं, कळलं, एवढंच ना? हे तर लहान मूलही करेल.

अहो कसलं काय! पहिलीच सकाळ. मी विचारलं, "मामा, काही अडचण?" आता हे प्लास्टरमामा म्हणजे, आयुष्यात 'हं'च्या पुढे गेले नाहीत. मी निवांत मोजतोय, एक, दोन... आणि मामा सुरू! सिंकचं भोक प्लास्टरने तुंबतं, तराजू कित्येक महिने बिघडलाय म्हणून पाणी अंदाजाने घालतात, त्यामुळे जबडे फुगतात, फुगलेल्या जबड्यावर केलेला दात बसत नाही, हे त्यांनी मला पूर्वी सांगायला घेतलं होतं तेव्हा मी म्हणालो 'कळलं' आणि त्यांना नवीन झाडू आणून दिला! ...झाडू! बरं, मध्ये बोलायची सोय नाही. मग मी नियमाप्रमाणे परत सांगितलं, "म्हणजे मामा, तुमचं म्हणणं असं, की तराजू दुरुस्त केला असता तर दात परत आले नसते, आणि तो केला नाही कारण मी... म्हणजे हेड माणूस... ऐकून न घेणारा आहे. बरोबर?" मामा म्हणाले, "बरोबर." आणि समाधानाने हात धुवायला गेले! मला सांगा, स्वतःच्या तोंडाने स्वतःची हजेरी घ्यायची, वर 'बरोबर?' म्हणून शिक्का मारून घ्यायचा... आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे? आणि माणसाने बोलायचं कधी?

घरी हा प्रयोग करू नका, बरं का. मी केला. बायकोला म्हटलं, "काय गं, कसा गेला दिवस?" आणि गप्प बसलो. तिने आधी कपाळाला हात लावून ताप बघितला. मग खुर्ची ओढून बसली. तुम्हाला सांगतो, भाजी करपली, पण ती उठली नाही.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? पद्धत लागू पडली हो! तीच तर पंचाईत आहे. फसली असती तर मी माझा मोकळा झालो असतो. पण तराजू दुरुस्त झाला, दात परत यायचे थांबले, डॉक्टर फोन करून 'छान बसला' म्हणायला लागले. आजींचे दात ताईंनी फट ठेवून पुन्हा केले. आजींनी तिथेच आरशासमोर उभं राहून अशी सणसणीत शिट्टी मारली की आतून मामा धावत आले! मालक खूश, भाची खूश, सगळे माझ्याकडे बघून दात काढतायत, आणि मी कोपऱ्यात उभा राहून मोजतोय.

आणि अशात एक दिवस ताई म्हणाल्या, "भाऊ, मला दुसऱ्या लॅबमधून बोलावणं आलंय. महिनाअखेरीस सोडावं म्हणतेय."

अहो, ताई गेल्या म्हणजे... नाही, काम चालेल, दुसरं कोणी येईलही, पण लॅब सुरू झाली त्या दिवसापासून मी पडद्याच्या अलीकडे आणि ताई पलीकडे. मी दिवसभर जे बोलतो ना, ते डॉक्टरांशी नाही, मामांशी नाही, ते त्या पडद्याशी बोलतो! पलीकडे कोणी नसेल तर मी काय भट्टीशी बोलू?

पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, 'कळलं ताई, कोणी कुठे जात नाही, चला कामाला लागा!' पण आता मी सुधारलोय ना! मी पडदा बाजूला केला, स्टूल ओढलं, विचारलं, "ताई, का जावंसं वाटतंय?" आणि तोंड मिटलं. एक. दोन. तीन... ताई हातातल्या ब्रशकडे बघत राहिल्या. चार...

"पगाराचं नाही हो भाऊ," ताई म्हणाल्या. "आणि अजून माझं काही ठरलेलंही नाही. मन अर्धं इकडे, अर्धं तिकडे. पण इथे ट्यूबलाइटमध्ये दाताचा खरा रंग कळत नाही, मी प्रत्येक दात तळहातावर घेऊन जिन्यात जाते, उजेडात बघते, परत येते. गुडघे दुखतात आता. खिडकीचं तुम्हाला किती वेळा सांगायला घेतलं, पण वाक्य काही पुरं झालं नाही." अहो, मला वाटायचं, ताई जिन्यात फोनवर बोलायला जातात! आणि खिडकीपाशी टेबल कोणाचं आहे, ठाऊक आहे? माझं! त्यावर मी चहाचा कप ठेवतो!

जिभेच्या टोकावर आलं हो. 'ताई, आत्ता उचलतो ते टेबल, जाऊ नका.' एवढंच म्हणायचं होतं. पण नियम! आधी त्यांचं त्यांना परत सांगायचं, आपलं मध्ये घुसडायचं नाही. मग मी सांगितलं. असं सांगितलं म्हणता, मालकांच्या भाचीनेही सांगितलं नसतं! "म्हणजे ताई, इथे तुम्हाला उजेड नाही, गुडघ्यांना आराम नाही आणि तुमचं वाक्य पुरं होऊ देणारं माणूस नाही. तिथे तिन्ही आहेत, आणि तरी इतक्या वर्षांच्या सवयीने पाय निघत नाही. बरोबर?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "बरोबर. भाऊ, किती नीट मांडलंत! माझं मलाच उलगडत नव्हतं. आता काही शंका राहिली नाही. ठरलं, जाते मी!"

अहो, मीच ठरवून दिलं त्यांचं! मला दातखीळच बसली.

शेवटच्या दिवशी ताईंनी ब्रश धुतले, पुसले, फडक्यात गुंडाळले. सगळ्यांना भेटल्या, मामांना भेटल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला काही म्हणायचंय का?" आणि गप्प राहिल्या. आता त्यांनाही पद्धत शिकवलेली, त्या मनात मोजत होत्या. आणि मला वाटलं, मी मध्ये बोललो तर त्यांचं काही राहून जाईल, म्हणून मीही मोजत होतो! दोघंही आपले एकमेकांसमोर उभे राहून मोजतोय! पाच झाले, दहा झाले असतील. ताई जरा हसल्या, म्हणाल्या, "येते हं." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी भाची आली. ताईंनी तिला सगळं सांगितलं होतं. म्हणाली, "काका, किती छान ऐकून घेतलंत तुम्ही! मग त्यावर तुम्ही काय म्हणालात?" म्हटलं, "मी काय म्हणणार? तूच तर माझं तोंड बंद केलंस! दिवसभर ऐकतोय, घरी ऐकतोय, मोजतोय... तूच सांग, माणसाने बोलायचं कधी?"

म्हणाली, "काका, मी तुम्हाला 'शेवटी बोला' म्हटलं होतं. 'बोलूच नका' असं कधी म्हटलं? ऐकून झालं की मग आपल्या मनातलं सरळ सांगायचं असतं. तोच तर महत्त्वाचा भाग होता!"

मी ओरडलोच, "अगं मग हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

म्हणाली, "सांगत होते, काका. तुम्ही म्हणालात, कळलं."