खाचेतलं औषध

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर शिंपी आईच्या रिपोर्टची वाट पाहत बसला होता. शेजारी दीर-भावजय बोलत होते. कानांना काही झाकण नसतं.

"डॉक्टर काय म्हणाले, भाऊजी?"

"अंगात एक एन्झाइम असतं म्हणे. त्याला बारीकशी खाच असते, सगळं काम तिथंच चालतं. दादाच्या फवारणीचं औषध नेमकं त्या खाचेत जाऊन बसलंय."

"मग काढा म्हणावं."

"इंजेक्शन त्यासाठीच चाललंय. पण वेळ जाईल तसं ते घट्ट होत जातं. मग काही केल्या निघत नाही."

"आपण तर लगेच निघालो."

"हो ना."

"हे नर्सरीत रोपांवर फवारून आले ते घामानं थबथबलेले. मी कपडे काढले, साबण लावून अंग धुतलं."

"तेच बरोबर होतं, वहिनी. डॉक्टर एवढंच विचारत होते, की धुतल्यावर पुन्हा कुठून औषध लागलं का."

"गाडीत कुठून लागणार?"

"मीही तेच सांगितलं."

"रस्त्याला खड्डे किती. यांचं डोकं सारखं आपटत होतं, म्हणून उशाला घडी करून दिली."

"कशाची?"

"काढलेला शर्ट हातातच राहिला होता."

"फवारताना घातलेला?"

"मानेखाली सारला. गालही त्याच्यावरच होता सगळी वाट."

"वहिनी..."

"ओला होता, भाऊजी. मला वाटलं, घामानं."

"घामच असेल. बसा तुम्ही. मी जरा आत सांगून येतो."