मस्टरबाई आणि रजेचं ॲप

...आणि वर तो मोबाइल विचारतो काय, तर म्हणे 'कारण निवडा'. अहो, निवडा म्हणजे? रजेचं कारण काय वांगी आहेत, चार बाजूला सारून पाचवं उचलायला? यादी समोर येते, त्यात कारणं सात. स्वतःचं आजारपण, विवाह, प्रसूती... हो, मलाही प्रसूती दाखवतो, सत्तावन्न वर्षांच्या माणसाला, आणि खाली अपेक्षित तारीख विचारतो. मला हवी होती एक दिवसाची रजा, कारण चुलतभाऊ घर बदलत होता आणि त्याचं लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवायला चौथा माणूस मिळत नव्हता. आता हे कुठे बसवू? तसा पर्यायच नाही. बोट तेलकट, आम्ही खोकी कापणारी माणसं, पुठ्ठ्याच्या कारखान्यात मशीनवर जन्म गेला, दाबायला गेलो एक आणि दाबलं गेलं 'कुटुंबातील निधन'. झालं. लगेच मोबाइलवर उत्तर, 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' दुसऱ्या दिवशी अख्खा कटिंग विभाग माझ्याकडे पडेल चेहऱ्याने बघतोय, सुपरवायझर खांद्यावर हात ठेवून विचारतोय, "जवळचं कोण होतं?" काय सांगू त्याला? म्हटलं, कपाट होतं, पण आता बरं आहे.

तुम्हाला सांगतो, पूर्वी असं नव्हतं. पूर्वी आमच्याकडे मस्टरबाई होत्या. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला एक खिडकी, खिडकीत बाई, बाईंपुढे हजेरीचं मस्टर आणि हातात एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. हजर तो निळा, न सांगता गैरहजर तो लाल. खरं नाव होतं त्यांना, पण ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक. रजा हवी की खिडकीशी जाऊन उभं राहायचं. बाई 'कारण निवडा' असं कधी म्हणाल्या नाहीत. चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "काय रे, काय झालं?" बस. त्या 'काय झालं'मध्ये सगळं मावायचं हो... बायकोशी भांडण, पोराचा दात, कपाट, सगळं. थाप मारलेली तर त्यांना वासानेच कळायची. आमचा एक पॅकिंगवाला होता, मामा वारला म्हणून रजा मागायला आला, तर बाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी मामा वारला तेव्हा रडत आला होतास, आज भांग पाडून आलायस. सिनेमाला जायचं तर सिनेमा लिही, देते." आणि दिली.

आता त्या खिडकीला आतून फळी मारलीय. बाहेरच्या बाजूला अंगठ्याचं यंत्र आहे. माझा अंगठा तीस वर्षं पुठ्ठा घासून गुळगुळीत झालेला, यंत्र रोज मला सांगतं, 'पुन्हा प्रयत्न करा.' म्हणजे मी मीच आहे हे रोज सकाळी तीनदा पटवून द्यायचं आणि मग कामाला लागायचं.

तर असा मी रोज त्या यंत्राच्या नावाने बोटं मोडत असताना, गेल्या महिन्यात एचआर मॅडमनी बोलावलं. माझ्या मुलीच्या वयाची आहे, पण बोलते गोड. "सर, बसा ना. तुमची निवृत्ती जवळ आलीय, म्हणून जुनी सगळी मस्टरं आपण स्कॅन करून सिस्टीममध्ये भरून घेतली. तुमच्या खात्यात एक विसंगती दाखवतंय."

बत्तीस वर्षांत एक लाल खूण नाही माझ्या नावावर, आणि जाता जाता विसंगती? मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "तीस वर्षांपूर्वी तुम्ही सलग चौदा दिवस नव्हता, सर. तुमची रजा शिल्लक होती फक्त तीन दिवस. तरी पुढचे अकरा दिवस रजा मंजूर आहे. ही आली कुठून?"

आता ते चौदा दिवस काय होते ते सांगतो. नोकरीला दोन वर्षं झालेली, कायम झालो नव्हतो. बायकोला सातवा महिना. गावाकडून निरोप आला, वडील अंथरुणाला खिळलेत. मी खिडकीशी गेलो, बाईंनी तीन दिवस दिले. गेलो तर काय, वडील कुणाच्या हातचं खाईनात. आईच्या नाही, बहिणीच्या नाही. मी भरवलं तर चार घास खायचे. कसा निघू सांगा? आज जातो, उद्या जातो करत चौदावा दिवस उजाडला, आणि त्या दिवशी वडीलच गेले. मी निघालो नाही, ते निघाले...

त्याच दिवशी अग्नी दिला, दहावं-तेरावं भावकीवर सोपवलं आणि परत आलो तो मनाची तयारी करूनच. दहा दिवस न कळवता गैरहजर, की नाव कमी, असा तेव्हाचा नियम. डोक्यावरचे केस गेलेले, तसाच खिडकीशी उभा राहिलो. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी मस्टर उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "रजा शिल्लक होती तुझी. जा, मशीनवर जा." मला वाटलं, असेल बुवा शिल्लक. तीस वर्षं हेच वाटत होतं हो. माणूस आपल्या फायद्याचा हिशोब कधी परत तपासतो का?

मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात काहीतरी आहे, सर. वाचू? 'अकरा दिवस माझ्या खात्यातून वळते केले. मोठ्या साहेबांची तोंडी परवानगी घेतली आहे. त्याला सांगू नये.' खाली सही आहे. कोण या?"

मस्टरबाई, म्हटलं. त्या पोरीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. आणि खरं सांगतो, ज्या सॉफ्टवेअरला मी शिव्या देत होतो ना, ते नसतं तर ते मस्टर माळ्यावर वाळवीने खाल्लं असतं आणि मी तसाच रिटायर झालो असतो, स्वतःला नशीबवान समजत. मी विचारलं, "मॅडम, माझी रजा आता भरपूर साठलीय. त्यातले अकरा दिवस बाईंना परत देता येतील?" ती बिचारी बराच वेळ इकडेतिकडे शोधत राहिली. म्हणाली, "निवृत्त माणसाचं खातं बंद असतं, सर. तसा पर्यायच नाही."

दुसऱ्या दिवशी कामावर निघालो आणि पाय बाईंच्या घराकडे जाणाऱ्या बसकडेच वळले. बाई आता शहात्तरच्या आहेत, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. दार उघडलं, चष्म्यावरून बघितलं आणि काय विचारलं असेल? "काय रे, काय झालं?"

बाई, म्हटलं, ते अकरा दिवस.

"कुठले अकरा दिवस? मला काही आठवत नाही." एवढं बोलून चहा टाकायला गेल्या. आतूनच म्हणाल्या, "त्या वर्षी थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. मी पुढच्या वर्षी गेले. ती रुसली होती, पण मग बोलली."

मला का नाही सांगितलंत, बाई?

"सांगितलं असतं तर जन्मभर वाकून नमस्कार करत राहिला असतास. मशीनवर लक्ष राहिलं नसतं तुझं." कप पुढे ठेवला. "बापाला भरवायला थांबलो म्हणालास. याला रजा नाही द्यायची तर कशाला द्यायची? आता त्या फोनमध्ये काय म्हणतात त्याला?"

काहीच म्हणत नाहीत, म्हटलं. तसा पर्यायच नाही.

बाई हसल्या. मग एकदम त्यांचा चेहरा जुना झाला, खिडकीतला. "आज कामाचा वार. रजा टाकलीस?"

नाही, बाई. तसाच आलो.

"तसाच म्हणजे? बत्तीस वर्षं नोकरी केलीस आणि न सांगता येतोस? काढ तो फोन."

काढला. बाईंनी चष्मा पुसला आणि माझ्याहून भराभर सगळं वाचून काढलं. पाळी सुरू होऊन दोन तास झालेले, त्यामुळे ॲप एकही रजा द्यायला तयार नाही, खाली एकच लाल चौकोन... 'बिनपगारी गैरहजेरी'. मी म्हटलं, राहू द्या बाई, मॅडमना सांगून काहीतरी करून घेतो. तर म्हणाल्या, "काहीतरी कशाला? बरोबर बोलतंय ते. मीसुद्धा हेच लावलं असतं."

आणि तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षांच्या नोकरीतली माझी पहिली लाल खूण मस्टरबाईंनी स्वतःच्या बोटाने दाबली, आणि वर मलाच म्हणाल्या, "चहा घे, निवतोय. आता कसली घाई आहे तुला?"